घरातली खाट आणि पाच लाखांचं कार्ड

पाच लाखांचं कार्ड आहे, आता खर्चाची काळजी नाही, असं पक्षाघात झालेल्या वडिलांना दाखल करताना घरच्यांना वाटतं. दाखल असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डही मिळतं. पण हे सगळं दाखल रुग्णासाठी. घरी ठेवलेली आया, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, डायपर, भाड्याची खाट यांतलं काहीच त्यात बसत नाही.

महिन्याचा हिशेब मांडून बघा. शहरात ब्युरोकडून बारा तासांसाठी आया घेतली आणि रोजचे 800 रुपये धरले, तर 24,000 झाले. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, दर वेळी 600 म्हटलं तर साधारण 7,200. दिवसाला तीन डायपर, प्रत्येकी 35 प्रमाणे 3,150. वर-खाली होणारी खाट भाड्याने 3,000, औषधं 3,000. बेरीज 40,350. दर गावागणिक बदलतात, पण सर्वांत मोठा आकडा जवळजवळ सगळीकडे आयाचाच असतो. म्हणून ब्युरोशी बोलताना नोंदणी शुल्क किती, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, नाकातल्या नळीतून भरवणं तिला येतं का, हे आधी लिहून घ्या. नळी आणि कॅथेटर बदलणं हे प्रशिक्षित नर्सचं काम आहे. त्यासाठी नर्सला त्या-त्या वेळी बोलावलं तर पूर्णवेळ नर्सचा खर्च टळतो.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी करा. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरच्या 15 दिवसांची औषधं आणि पाठपुरावा धरलेला असतो. अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसतं आणि ती औषधं ते खिशातून घेतात. आरोग्यमित्राकडे त्याची मागणी करा. अडचण आली तर फुले योजनेचा 155388 हा क्रमांक आहे. दुसरं, वॉर्डातल्या सिस्टरकडून कुशीवर वळवणं शिकून घ्या. साधारण दर दोन तासांनी कूस बदलली तर बेडसोर बऱ्याच अंशी टळतात. बेडसोर चिघळला की पुन्हा दाखल व्हावं लागतं.

इथेच या योजनेची उणीव दिसते. चिघळलेल्या बेडसोरवर रुग्णालयात उपचार झाले तर सरकार पैसे देतं, तो होऊ नये म्हणून घरी झटणाऱ्या माणसासाठी मात्र काहीच देत नाही. वर्षाच्या पाच लाखांतला एक ठरावीक वाटा घरच्या शुश्रूषेसाठी वापरता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. केरळने 2008 साली वेदनाशामक सेवेचं धोरण आणलं आणि ग्रामपंचायतींमार्फत नर्स घरोघरी जाऊ लागल्या. आपल्याकडेही आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि वेदनाशामक काळजी आहे. ती यादी घरापर्यंत पोहोचायला आग्रह धरावा लागतो. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून घरभेटीची विनंती करा, आशाताईंना रुग्णाची नोंद करायला सांगा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. एवढ्यानेही महिन्याचा भार हलका होतो.

वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर व्हीलचेअर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात येतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण सोडू नका.

हातापायांतली ताकद परतली नाही, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. पक्षाघातामुळे आलेलं अपंगत्व त्यात बसू शकतं, आणि घरातलं कुणी प्राप्तिकर भरत असेल तर त्याचा मोठा उपयोग होतो. जुन्या करपद्धतीत, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचं अपंगत्व किमान 40 टक्के असेल तर 75,000 रुपयांची आणि 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1.25 लाखांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला, यावर ती रक्कम ठरत नाही. आई-वडील ज्येष्ठ नागरिक असून त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर औषधोपचारांसाठी 50,000 रुपयांपर्यंतची वेगळी वजावट आहे. मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. औषधांची बिलं यूपीआयने किंवा कार्डाने भरा आणि पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये लावत जा.