घटक ५ : परत-कॉल सुविधा – स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• परत-कॉल सुविधा म्हणजे काय, हे सांगता येईल.
• ही सुविधा कोणत्या क्रमाने काम करते, हे स्पष्ट करता येईल.
• तिचे उपयोग, मर्यादा आणि धोके विशद करता येतील.

५.२ प्रास्ताविक

आज मोबाइलच्या पडद्यावर कॉल करणाऱ्याचा क्रमांक आपोआप दिसतो. घरोघरी साधा दूरध्वनी होता, त्या काळी मात्र घंटा वाजून थांबली की कॉल कोणाचा होता हे कळण्यास मार्ग नसे. कॉल करणाऱ्याला आपण कोणाशी बोलणार हे ठाऊक असे. घेणारा मात्र रिसीव्हर उचलेपर्यंत अनभिज्ञ असे. ही विषमता दूर करण्याचा एक प्रयत्न म्हणजे परत-कॉल सुविधा. अमेरिकेत व कॅनडात ती *६९ या संकेतक्रमांकाने ओळखली जाते. जुन्या चकतीच्या फोनवर तारांकनाचे बटण नसल्यामुळे तेथे ११६९ फिरवावे लागे. ब्रिटनमध्ये १९९४ साली १४७१ हा क्रमांक सुरू झाला.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कार्यपद्धती

ही सुविधा समजून घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. शेवटच्या कॉलचा क्रमांक घरातील उपकरणात साठवला जात नाही. तो दूरध्वनी केंद्रात साठवला जातो. म्हणूनच पडदा नसलेल्या साध्या फोनवरही ही सुविधा चालते.

जुन्या पद्धतीत आवाज आणि जोडणीचे संकेत एकाच मार्गाने जात. पुढे संकेतांसाठी स्वतंत्र मार्ग आला. आपण क्रमांक फिरवला की आपले केंद्र समोरच्या केंद्राकडे या स्वतंत्र मार्गाने एक संदेश पाठवते. कोणाला कॉल करावयाचा आहे आणि कॉल कोणाकडून येत आहे, हे दोन्ही क्रमांक त्या संदेशात असतात. हा संदेश घंटा वाजण्यापूर्वीच पोहोचतो. त्यामुळे फोन उचलला गेला नाही, तरी क्रमांकाची नोंद होते.

ग्राहकाने संकेतक्रमांक फिरवला, की केंद्र ही नोंद शोधते. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रित आवाजात तो क्रमांक आणि कॉलची वेळ ऐकवली जाते. त्यानंतर ३ दाबल्यास त्याच क्रमांकाला परत कॉल लागतो. अमेरिकेत काही ठिकाणी क्रमांक ऐकवला जातो, तर काही ठिकाणी थेट जोडणी केली जाते. समोरची लाइन व्यस्त असेल, तर केंद्र साधारण अर्धा तास तिच्यावर लक्ष ठेवते आणि ती मोकळी होताच विशिष्ट घंटा देऊन ग्राहकाला कळवते.

५.३.२ गुप्ततेचा प्रश्न

निनावी कॉल करून त्रास देणाऱ्यांस या सुविधेने आळा बसला. परंतु याच नाण्याला दुसरी बाजूही आहे. छळाला कंटाळून घर सोडलेली एखादी स्त्री मुलांची विचारपूस करण्यासाठी आश्रयस्थानातून घरी फोन करते, अशी कल्पना करा. घरातील कोणीही १४७१ फिरवले, तर तिचा ठावठिकाणा उघड होऊ शकतो. म्हणून कॉल करण्यापूर्वी ब्रिटनमध्ये १४१, तर अमेरिकेत *६७ फिरवून आपला क्रमांक झाकण्याची सोय ठेवण्यात आली.

अशा वेळी क्रमांक नाहीसा होत नाही. तो समोरच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. मात्र ‘दाखवू नये’ अशी खूण त्याच्यासोबत असते. अमेरिकेतील *५७ या माग काढण्याच्या सुविधेत क्रमांकाची नोंद दूरध्वनी कंपनीकडे होते आणि ती तपासयंत्रणेस देता येते. ग्राहकाला तो क्रमांक सांगितला जात नाही. माहिती असणे आणि ती दाखवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

५.३.३ मर्यादा आणि फसवणूक

मूळ सुविधेत केवळ शेवटच्या कॉलची नोंद राहते; नवा कॉल येताच आधीची पुसली जाते. मोठ्या कार्यालयातून कॉल आला असेल, तर बहुधा मुख्य क्रमांकच मिळतो, बोलणारी व्यक्ती सापडत नाही. इंटरनेटद्वारे कॉल करणारे भलताच क्रमांक पुढे करू शकतात; तेथे परत कॉल केल्यास एखाद्या अनभिज्ञ माणसाचा फोन वाजतो.

आपल्याकडे ‘मिस कॉल देणे’ ही न बोलता निरोप पोहोचवण्याची रीतच झाली. ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘तूच फोन कर’ असे कितीतरी अर्थ एका घंटेत सामावतात. परत कॉल करण्याच्या याच सवयीवर ‘वानगिरी’ ही फसवणूक आधारलेली आहे. या जपानी शब्दाचा अर्थ ‘एक घंटा आणि तोडणे’ असा आहे. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकच घंटा येते; आपण परत कॉल केला, की महागडा दर लागू होतो आणि त्यातील वाटा फसवणाऱ्यास मिळतो. म्हणून अनोळखी परदेशी क्रमांकास परत कॉल करू नये. काम खरे असेल, तर समोरची व्यक्ती पुन्हा फोन करील.

५.४ सारांश

परत-कॉल सुविधेने घंटा कोणाची, हे विचारण्याचा अधिकार कॉल घेणाऱ्यास दिला. तिचा आधार केंद्रातील नोंद हा आहे. क्रमांक कळला म्हणजे माणूस कळला, असे मात्र नव्हे.

५.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. न उचललेल्या कॉलचीही नोंद का होते?
२. क्रमांक झाकण्याची सोय कोणासाठी आवश्यक आहे? सोदाहरण लिहा.
३. आपल्या परिसरात ‘मिस कॉल’ला कोणकोणते अर्थ आहेत, त्यांची नोंद करा.