झाडावरचा पहारेकरी



दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहाच्या चार मुलांना घेऊन मी मेळघाटातल्या जंगलवाटेने परतत होतो. ऊन कलले होते. सोबत एका मुलाचे कोरकू आजोबा होते. नाला जवळ आला तेव्हा झाडावरचे वानर खाकरले. वानरे ओरडतातच, म्हणून मी चालत राहिलो. आजोबांनी माझा दंड धरला. "गुरुजी, थांबा."

झाडाखालची चितळे चरायची थांबली होती. शेपट्या उभ्या, नजर एकाच दिशेला. एक मादी पुढचा खूर आपटत होती. मग चितळ ओरडले आणि थोड्या वेळाने पलीकडून सांबराची मोठी, घुमणारी हाक आली. आजोबा हळूच म्हणाले, "वानर, चितळ कधी चुकतात. सांबर उगाच बोलत नाही."

वानर आणि चितळ यांची ही जोडी अभ्यासकांनीही पाहिली आहे. वानर उंचावरून लांबचे पाहते, चितळाचे नाक आणि कान तिखट. वानरे खाताना पाला, फळे खाली पाडतात, ती चितळे खातात. वानरे जमिनीवर उतरली की चितळांच्या इशाऱ्याचा त्यांनाही उपयोग होतो. बोली वेगळी, पण धोक्याची हाक दोघांना कळते. वाघ-बिबट्या दबा धरून शिकार करतात. आपण दिसलो हे त्यांना कळले की बहुधा ते निघून जातात, म्हणजे ती हाक शिकाऱ्यालाही ऐकवलेली असते.

आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि मोठ्या रस्त्याने वसतिगृहात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला नाल्याच्या ओल्या मातीत बिबट्याची पावले दाखवली.

यहेज्केलच्या ३३ व्या अध्यायातल्या पहारेकऱ्यावर मी अनेकदा बोललो आहे, आणि नेहमी कर्णा वाजवणाऱ्याविषयीच. तिथे ऐकणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. जूनमधल्या पालकसभेत याच आजोबांनी सांगितले होते की चारनंतर पोरांना नाल्याच्या वाटेने आणू नका. मी ते वहीत लिहूनही घेतले नव्हते. त्यांचे मोडके मराठी आणि माझी घाई, दुसरे कारण नाही.

आता मुले दुपारच्या आत, मोठ्या रस्त्यानेच येतात. फेरा लांबचा आहे आणि लहानांचे पाय दुखतात. त्या वाटेसाठी प्रार्थना करा. पुढच्या पालकसभेत पहिल्यांदा आजोबा बोलणार आहेत.