शहानूरचा मुक्काम

बाहेरगावचे लोक आपल्या अकोल्याला उन्हाळ्यावरून ओळखतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की अकोल्याचे नाव वर्तमानपत्रात झळकते. पण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेची बातमी कोणी देत नाही. तेव्हा याच गावात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, ज्वारीच्या कणसांवर दव साचते आणि शाळेत येताना तुमचे हात खिशातून निघत नाहीत. उघड्यावर राहण्याची, हिंडण्याची आणि रानात जेवण्याची मजा आपल्या वऱ्हाडात याच दोन महिन्यांत आहे.

उघड्यावर राहण्याचे शब्द तुम्हांला नवे नाहीत. 'मुक्काम' हा शब्द मराठी आहे की उर्दू, असे मी वर्गात विचारले तर निम्मे हात एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला वर होतील. मूळचा तो अरबी 'मक़ाम'. तंबू, डेरा, कनात, शामियाना हे शब्दही दोन्ही भाषांत सुखाने नांदतात. आणि 'कारवाँ'? प्रवासी व व्यापारी यांचा उंटाघोड्यांसह एकत्र चालणारा तांडा म्हणजे कारवाँ. हा फारसी शब्द युरोपात गेला आणि इंग्रजीत त्याचे 'कॅरव्हॅन' झाले. पुढे चाकांवरच्या घराला ते नाव मिळाले. रस्त्यावर धावणारी 'व्हॅन' ही त्याच कॅरव्हॅनची शेपटी! तुमच्या स्कूलव्हॅनमध्ये फारसी शब्दाचा तुकडा आहे, हे तुमच्या ड्रायव्हरचाचांना जरूर सांगा.

मुक्कामाचा थाट पाहायचा असेल तर अबुल फज़ल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त पाहावा. बादशाही छावणीचे एका वेळचे सामान हलवण्यास १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, असे त्यात लिहिले आहे. रात्री चुकलेल्या माणसाला छावणी सापडावी म्हणून चाळीस गजांहून उंच खांबावर दिवा लावीत. त्याचे नाव आकाशदिवा. दिवाळीत शेजारच्या घरावर टांगलेला कंदील पाहताना हे आठवा.

आपल्या वाडवडिलांचा मुक्काम एवढा थाटाचा नव्हता. यात्रेला किंवा उरुसाला निघताना ते बंडीला ताट्या बांधत, आत कडबा अंथरत, वर सतरंजी टाकत आणि सारे घर घेऊन निघत. रात्र पडली की विहिरीजवळ बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि मुलांना बंडीत झोपवायचे. चाकांवरचे घर म्हणतात ते हेच. आता तशा मोटारी आल्या आहेत. त्यांत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा कॅरव्हॅन पर्यटनासाठी धोरणही मंजूर केले.

ही सोय आपल्याला चैन वाटते. कॅनडा, नॉर्वे, फिनलंड या उत्तरेकडील देशांत मात्र अनेक कुटुंबे भर हिवाळ्यात अशी गाडी घेऊन बर्फात जातात. दिवसा बर्फावरून घसरण्याचे खेळ, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणे आणि रात्री गाडीत मुक्काम! तेथे पारा शून्याच्या पुष्कळ खाली असतो. पाणी गोठले की फुगते आणि नळ फुटतो, म्हणून पाण्याची टाकी गाडीच्या उबदार भागात ठेवतात. भिंतींच्या आत ऊब धरून ठेवणारा जाड थर भरलेला असतो. अम्मीने जुन्या कपड्यांचे थर शिवून केलेल्या गोधडीचे काम तोच थर करतो. आपल्या देशातही काश्मीरमधील गुलमर्गला बर्फावरचे खेळ खेळायला लोक दुरून येतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण सातपुडा आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. आपल्या जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला नरनाळ्याचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी शहानूर हे गाव. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघे शिक्षक आठवी-नववीची बत्तीस मुले घेऊन तेथे दोन रात्रींच्या शिबिराला गेलो होतो. किल्ल्याभोवतीचे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. तेथे मनाला येईल तसे शिरता येत नाही. म्हणून आम्ही तंबू जंगलात न ठोकता गावाजवळच्या मोकळ्या शेतात ठोकायचे ठरवले.

मुलांनी जागा निवडली ती नाल्याच्या काठची. पाणी जवळ, वारा नाही, जमीन सपाट. शेताची राखण करणारे एक म्हातारे कोरकू गृहस्थ आमची धावपळ पाहत उभे होते. मुले त्यांना लगेच 'चाचा' म्हणू लागली. ते म्हणाले, "पोरांनो, इथं नका झोपू. रात्री थंडी नाल्यानं चालत येते. वर टेकाडावर जा."

थंडी चालत येते! मुले हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो. पण आमच्या विज्ञानाच्या सरांनी मान हलवली. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. रात्री उतारावरची हवा गार होते आणि पाण्यासारखी खाली वाहत जाऊन खोलगट जागी साचते. आम्ही कुरकुरत तंबू टेकाडावर नेले. दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी दोन्ही ठिकाणी तापमापी धरली. टेकाडावर १० अंश, नाल्यात ७. मुलांनी आपापल्या वहीत हे आकडे लिहून घेतले आणि चाचांना दाखवायला पळत गेली. चाचांनी आकड्यांकडे न पाहता विचारले, "चहा झाला का?"

दुसरी गोष्टही त्यांनीच शिकवली. आम्ही पांघरुणे भरपूर नेली होती, अंथरायला मात्र एकेक सतरंजी. माणसाला वरून जेवढी थंडी लागते, तेवढीच खालूनही लागते, कारण जमीन अंगातली ऊब शोषून घेते. चाचांनी गावातून गव्हाचे कुटार मिळवून दिले. त्याचा वीतभर थर आणि त्यावर ताडपत्री. कुटाराच्या काड्यांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा ऊब जाऊ देत नाही. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर अधिक ऊब मिळते, त्याचे कारणही हेच. मात्र अंगातला कपडा कोरडा हवा. खेळून घामेजलेला सदरा तसाच ठेवून झोपलात, तर चार रजया घेऊनही कुडकुडत राहाल.

संध्याकाळी रोडगे केले. कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप सोडायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. ज्याने शेतात बसून रोडगे खाल्ले नाहीत, त्याने वऱ्हाडचा हिवाळा अर्धाच पाहिला, असे माझे मत आहे. सोबत शेजारच्या शेतातला ज्वारीचा हुरडा होता. मग शेकोटीभोवती अंताक्षरी झाली. तिच्यात मराठी गाणी कमी आणि उर्दू शेर जास्त होते. दहा वाजता मी शिट्टी वाजवली आणि सर्वांना झोपायला पाठवले.

झोपण्यापूर्वी मी मुलांना पुष्कळ सूचना दिल्या होत्या. एकट्याने बाहेर जाऊ नका, चपला झटकून घाला, शेकोटीवर पाणी टाका. एक सूचना द्यायची राहिली. चूक माझी होती.

रात्री बारा-साडेबाराच्या सुमारास मी टॉर्च घेऊन फेरी मारत होतो. शेवटच्या तंबूचे कापड आतून लालसर दिसले. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, तेव्हा जड जिभेने कोणीतरी म्हणाले, "सर, सर में दर्द है." तंबूचा पडदा आतून दोरीने घट्ट बांधलेला होता. दोरी कापून आत पाहिले तर मधोमध घमेल्यात निखारे फुललेले आणि भोवती चार मुले पडलेली. शेकोटी विझवताना त्यांनी निखारे वेगळे काढून ठेवले होते. धूर नव्हता. वासही नव्हता. म्हणूनच त्यांना भीती वाटली नव्हती.

आम्ही चौघांना ओढून बाहेर काढले. दोघे उठून बसले. एकाला उलटी झाली. चौथा हाक मारली की डोळे उघडी आणि पुन्हा मिटून घेई. ती दोन-तीन मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही. चाचा धावत गेले आणि गावातून जीप घेऊन आले. दवाखान्यात चौघांना प्राणवायू लावला. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "आणखी किती वेळ आत होते?" मी सांगितले, की फेरी लवकर झाली म्हणून... पुढचे वाक्य मला पूर्ण करता आले नाही.

आता जे शिबिराआधी सांगायला हवे होते, ते सांगतो. कोळसा, लाकूड किंवा गोवरी जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. मोकळ्या जागेत तो हवेत मिसळून जातो. बंद जागेत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. मग फुप्फुसात हवा जात असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि मग झोप येते. थंडीच्या रात्री झोप आली तर कोणाला शंका येणार? झोपेत असलेल्याला तर डोकेदुखीही कळत नाही. तंबूच नव्हे, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीतही असेच घडते. आपल्या देशात दर हिवाळ्यात कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपलेली माणसे दगावतात.

विस्तव हवाच असेल तर तो बाहेर, उघड्यावर. आत नेण्यासाठी गरम पाण्याची पिशवी आहे. ती नसेल तर बूच घट्ट बसणारी धातूची बाटली गरम पाण्याने भरून, कापडात गुंडाळून पायाशी ठेवा. कोणी गुदमरलेला आढळला तर आधी त्याला उघड्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या, बरे वाटू लागले तरी न्या.

बर्फाळ देशांतील कॅरव्हॅनवाल्यांना हा धोका चांगला ठाऊक आहे. त्यांच्या गाडीतील हीटरची ज्योत बंद पेटीत असते. ती बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते. माणसे आणि ज्योत एकाच हवेवर ठेवत नाहीत. बर्फ साचून धुराची नळी बुजली तर वायू आत येऊ शकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ नळीभोवतीचे बर्फ काढतात. शिवाय हा वायू वाढला की कर्कश आवाज करणारे छोटे यंत्र गाडीत लावतात. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असली तरी हवा खेळण्यासाठी गाडीतील झरोका थोडा उघडा ठेवतात.

आमची चौघे मुले सकाळी शुद्धीवर, पण ओशाळलेली होती. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर ठेवून घेतले आणि त्यांचे पालक येऊन बसले. पालकांनी मला बोल लावले असते तर मी ऐकून घेतले असते. एकाची अम्मी फक्त म्हणाली, "सर, अगली बार पहले बता देना."

उरलेली मुले परवानगी काढून, वाटाड्या सोबत घेऊन दुसऱ्या सरांबरोबर किल्ला चढली. वर महाकाली दरवाजा आहे. फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी तो १४८७ मध्ये बांधला. दगडात कोरलेली कमळे आणि अरबी शिलालेख अशी त्याची शोभा आहे. उन्हात बसून मुलांनी शिलालेखातील ओळखीची अक्षरे जुळवली. ज्यांना जमली, त्यांनी ती वहीत उतरवली आणि संध्याकाळी दवाखान्यातल्या चौघांना दाखवायला नेली.

स्वाध्याय
१. चाचांनी तंबू टेकाडावर न्यायला का सांगितले?
२. निखाऱ्यांना धूर नसतानाही मुलांची तब्येत का बिघडली?
३. घरातील वडीलधाऱ्यांना बंडीतून केलेल्या प्रवासाविषयी विचारा आणि ते सांगतील ते आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.
४. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधा.