दोन औषधांची पहिली चाचणी



दोन तणनाशके एकत्र मारायची तर आपण आधी चार सऱ्यांवर पाहतो, उसाची पाने करपतात का म्हणून. तण किती मेले ते नंतर. स्वादुपिंडाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरवर औषधांची नवी जोडी आली की पहिल्या टप्प्यात असेच करतात. अंगाला मात्रा किती झेपते, हे आधी.

अमेरिकेत जेमसायटाबिन या जुन्या औषधाला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड देऊन ६७ रोग्यांवर चाचणी झाली. जुन्याची मात्रा तीच ठेवून नव्याची १००, १२५, १५० अशी चढवली. १५० झेपेना, १२५ ठरली. २०११ साली निकाल छापला. १२५ वाल्यांतले निम्मे रोगी १२.२ महिन्यांहून जास्त जगले. पुढे ८६१ रोग्यांची मोठी चाचणी झाली (२०१३), तेव्हा हाच आकडा ८.५ महिने भरला. एकट्या जेमसायटाबिनवर ६.७. चार सऱ्यांचा उतारा साऱ्या रानाला धरू नये, हे आपणांस सांगायला नकोच. तरी ज्या घराला पावणेदोन महिने जास्त मिळतात, त्याला ते थोडे नाहीत.

आपल्या घरी कुणाला अशी चाचणी सुचवली तर टप्पा कितवा ते आधी विचारा. संमतीचा कागद मराठीत मागा. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते.