न पाहिलेल्याची साक्ष

शास्त्रपाठ : निर्गम २०:१६, अनुवाद १९:१५-१९, १ राजे २१:१-१६

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात राइट टाउन नावाचा गजबजलेला भाग आहे. बदली होऊन तेथे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला दंतवैद्य किंवा मुलांसाठी शिकवणी वर्ग हवा असला, तर पूर्वी शेजारी अथवा मंडळीतील वडीलधाऱ्यांना विचारले जाई. आज प्रथम मोबाईल उघडला जातो. नावासमोर पाच तारे आणि खाली अनोळखी माणसांचे अभिप्राय असतात. त्या शब्दांवर विसंबून मनुष्य आपला पैसा, आपली मुले, प्रसंगी आपले शरीरही दुसऱ्याच्या हाती सोपवतो. म्हणून असा अभिप्राय ही एक साक्षच आहे, आणि साक्षीविषयी पवित्र शास्त्राला पुष्कळ सांगायचे आहे.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण बालपणीच पाठ केलेली असते. तिचा संबंध केवळ न्यायालयाशी आहे, असे मानून आपण निश्चिंत राहतो. परंतु सांगून उभी केलेली साक्ष काय करू शकते, हे नाबोथाच्या वृत्तांतात दिसते. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नियमशास्त्राप्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून कोणालाही दोषी ठरवता येत नसे. म्हणून ईजबेल राणीने दोन अधम माणसे उभी करविली. संख्या पूर्ण झाली आणि निर्दोष नाबोथ दगडमाराने मेला. साक्षीदार दोन दिसत होते, पण त्यांच्यामागचे तोंड एकच होते.

बनावट अभिप्रायांची रीत हीच आहे. कोणी आपल्या नोकरांकडून व नातलगांकडून स्तुती लिहवून घेतो, कोणी ती विकत घेतो, तर कोणी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात पाऊलही न टाकता त्याला एक तारा देतो. यात ग्राहक फसतो. आणि जो व्यावसायिक सचोटीने काम करून चार खरे अभिप्राय मिळवतो, तो चाळीस खोट्यांच्या मागे झाकला जातो. वजनात लबाडी करणारा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असे नीतिसूत्रकार सांगतो. हाही एक तराजूच आहे.

राज्यकर्त्यांनीही या दोषाची दखल घेतली आहे. भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक तयार केले व ते २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. विकत घेतलेले किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. प्रारंभी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री रोखणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. तथापि जेथे नियम पोहोचत नाही, तेथेही आज्ञा पोहोचते.

मात्र येथे दुसऱ्या बाजूचा मोह आहे. एकाच आठवड्यात आलेले, एकाच साच्यातले, कोणताही तपशील नसलेले अभिप्राय पाहिले की संशय येतो, आणि तो रास्तही असतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. दुकानदाराने विनंती केल्यामुळे खऱ्या ग्राहकांनीही एकाच वेळी थोडक्यात लिहिलेले असू शकते. अनुवादात न्यायाधीशांना आधी कसून चौकशी करण्याची आज्ञा आहे. शिक्षा त्यानंतर येते. चौकशीवाचून चारचौघांत ‘अमक्याचे सगळे अभिप्राय खोटे’ असे म्हणणारा स्वतःच न पाहिलेल्याची साक्ष देतो. संशय आल्यास ते अभिप्राय दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी, फसवणूक झाली असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे, आणि तोवर जीभ आवरावी.

आपल्या मंडळीसाठी याहून जवळचा प्रश्न आहे. एखादा बंधू नवे दुकान उघडतो आणि प्रेमाने सर्वांना पाच तारे देण्याची विनंती करतो. त्याला नकार देणे जड जाते. परंतु त्याच्या दुकानातून काहीही न घेता दिलेले तारे त्या अनोळखी ग्राहकाविरुद्ध जातात, आणि तोही आपला शेजारीच आहे. बंधूवर प्रीती करायची तर प्रथम त्याच्याकडून वस्तू घ्यावी, मग जे अनुभवले तेच लिहावे, आणि नाते असल्यास तेही सांगावे. उणीव दिसली तर ती जगाला सांगण्यापूर्वी त्याला एकांतात सांगावी.

मननासाठी प्रश्न

१. नाबोथाच्या नगरातील वडिलांना साक्षीदारांची चौकशी करता आली असती. त्यांनी ती का केली नाही?

२. आपण शेवटचा अभिप्राय लिहिला, तेव्हा त्यातील प्रत्येक गोष्ट स्वतः अनुभवली होती काय?

३. ओळखीच्या माणसाची खोटी स्तुती नाकारताना त्याच्याशी प्रीतीने कसे बोलता येईल?