चार तारांचे वाद्य

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी मजूर आले. त्यांच्याबरोबर एक लहानसे तंतुवाद्यही आले. हवाईच्या लोकांनी ते आपलेसे केले. तेच चार तारांचे ‘उकुलेले’ होय.

याच बेटांवर, होनोलुलू येथे २० मे १९५९ रोजी इझ्राएल कामाकाविवोओले यांचा जन्म झाला. त्या काळी हवाईची भाषा लोपत चालली होती. १८९३ मध्ये तेथील राजसत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. मुले आजी-आजोबांच्या भाषेला पारखी झाली. अखेर १९७८ मध्ये हवाईच्या राज्यघटनेने या भाषेला राजभाषेचा मान दिला. परंतु केवळ कायद्याने भाषा जगत नाही, ती ओठांवर यावी लागते. हे कार्य गायकांनी केले.

इझ्राएल यांनी १९७६ मध्ये थोरले बंधू स्किपी व मित्रांसमवेत वाद्यवृंद स्थापन केला. १९८२ मध्ये स्किपी यांचे अकाली निधन झाले. हे दुःख उरी बाळगूनही इझ्राएल गात राहिले.

१९८८ मध्ये एका रात्री त्यांनी ध्वनिमुद्रणगृहात एकाच प्रयत्नात दोन जुनी इंग्रजी गीते गुंफून गायिली. साथीला केवळ उकुलेले होते. १९९३ मध्ये ‘फेसिंग फ्यूचर’ या संग्रहात ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि कालांतराने जगभर पोहोचले. त्याच संग्रहात हवाईच्या भूमीविषयीची व्यथा सांगणारे गीतही आहे. परकी गीते गाताना त्यांना आपल्या मातीचा विसर पडला नाही.

अतिस्थूलतेमुळे जडलेल्या श्वसनविकाराने २६ जून १९९७ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव राज्याच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. हजारो लोकांच्या उपस्थितीत त्यांच्या अस्थी सागरात विसर्जित करण्यात आल्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्यांच्या त्या गीताचा समावेश झाला.

वाद्य बाहेरून आले, गीतांचे शब्दही परके होते. तरी त्यांतून उमटला तो हवाईचाच स्वर. संस्कृती दारे बंद करून टिकत नाही; आलेल्याला आपला सूर देऊन ती टिकते.

विचार करा आणि लिहा
१. ‘केवळ कायद्याने भाषा जगत नाही’ असे लेखात का म्हटले आहे?
२. तुमच्या घरातील बोली टिकवण्यासाठी तुम्ही काय कराल?