वाण्याची वही आणि इंद्रायणीचा डोह

सज्जनहो, संतांची चरित्रे ऐकताना त्यांचा धंदा आपण भराभर ओलांडून जातो. गोरोबाकाकांची मडकी, सावतोबांचा मळा, सेना महाराजांची धोकटी एवढे तोंडी लावण्यापुरते घेतो आणि पुढे चमत्काराकडे धावतो. तुकोबारायांचे दुकान तर पुष्कळांच्या ध्यानातही राहत नाही. देहूच्या पेठेची महाजनकी या घराण्याकडे होती. सावकारी होती, दुकान होते. म्हणजे आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या जातकुळीचेच हे घर. तेव्हा या पाठात वाण्याचा संसार आणि त्यातले साधन यांचा विचार करू.

आमच्या वसई, पापडी, आगाशी, अर्नाळा या गावांत जुनी किराणा दुकाने अजून थोडीफार उभी आहेत. विरारहून मुंबईची गाडी १८६७ साली सुटू लागली, गावे वाढली, २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. दुकानदाराचा दिवस मात्र फारसा बदलला नाही. सकाळी दार उघडायचे, उंबऱ्यावर पाणी शिंपायचे, पांडुरंगाच्या तसबिरीला उदबत्ती लावायची आणि रात्री नऊपर्यंत गादी सोडायची नाही. एकादशीला तर पहाटेपासून साबुदाणा, वरी, शेंगदाणे जोखता जोखता याच्या स्वतःच्या फराळाला दुपार टळते. चाळीस-चाळीस वर्षे एका जागी बसलेल्या माणसाची परीक्षा कुठे होते? आमच्या मते दोन ठिकाणी. एक तागडीत आणि दुसरी वहीत.

तागडीचे थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. एका आण्याचे सहा पैसे धरायचे आणि चार आण्यांचे पंचवीस. आण्या-आण्याच्या चार पुड्या वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस! त्या एका पैशावरून पेठेत काय कमी हुज्जती झाल्या असतील? पुढे शेर गेला आणि किलो आला. शेर होता ९३३ ग्रॅमचा. किलोच्या भावात जुने शेराचे माप टाकले की गिऱ्हाइकाच्या पिशवीतले सदुसष्ट ग्रॅम गायब. म्हातारीला काय कळणार? कळत नाही तिथेच तर धर्म लागतो. हल्ली काटा विजेवर चालतो, सरकारी शिक्का बसतो, पाकिटावर किंमत छापलेली येते. त्यामुळे हा मोह पुष्कळ कमी झाला आहे.

वहीचा मोह मात्र वेगळा आणि तोच खरा अवघड. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी घरात. पण चूल थोडीच बंद राहते? मग कोळीणबाई येते. "काका, नारळी पुनवेपर्यंत चालवून घ्या." काका म्हणतात, "चालवतो गं, पण तेल आज अर्धा लिटरच ने." वाडीवाल्याचेही तसेच. वाऱ्याने केळी पडली की त्याचे पान वहीत लांबत जाते. ख्रिस्ती बांधव असो की आगरी, वही सगळ्यांना सारखीच ओळखते. आता या लिहिलेल्याचे काय करायचे? कडक राहिले तर लेकरे उपाशी, आणि सोडून दिले तर दुकान बसले.

इथे काही कीर्तनकार चटकन म्हणतात, "तुकोबांनी खतपत्रे डोहात बुडवली, तुम्हीही बुडवा!" टाळी पडते. पण प्रसंग नीट पाहा. आईवडील गेले, वडील बंधू सावजी घर सोडून गेले, आणि १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. भक्तीपायी दुकान बुडाले असे म्हणणे आम्हांस पटत नाही. आधी दुष्काळाने दुकान बुडवले. पुढे भामगिरीहून परतल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते बाहेर काढली आणि धाकट्या कान्होबांना अर्धा वाटा दिला. इंद्रायणीत गेला तो फक्त स्वतःचा वाटा. भावाच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. हा बारकावा कीर्तनात क्वचित येतो, आणि वाण्याच्या दृष्टीने सारा पाठ त्यातच आहे. गादीवर बसलेल्या माणसाच्या वहीतले सगळे काही त्याचे नसते. वाशीच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्यात असते, गड्याचा पगार असतो, मुलीच्या शिक्षणाचे पैसे असतात. घाऊक व्यापाऱ्याला बुडवून गिऱ्हाइकाला माफ केले तर ते दान कोणाचे? आपल्या नफ्यातले सोडले तर ते आपले.

महिपतीबोवांनी सांगितलेल्या कथांत तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात उतरतात. मोजमाप गिऱ्हाइकांवरच सोपवतात, लोक वाटेल तसे नेतात, आणि शेवटी विठ्ठल स्वतः जाऊन पैसे वसूल करतो. त्या काळी आमची वसई पोर्तुगिजांकडे होती, ती १७३९ साली चिमाजीअप्पांनी घेतली. असो. कथेत देवही वसुली करतो, माफी वाटत फिरत नाही, हे आम्हांस मोठे गमतीचे वाटते.

आणखी एक. जिजाईंना, म्हणजे आवलीला, कीर्तनात हसण्यावारी नेतात. पुण्याच्या सावकाराची ही लेक. पतीने पुन्हा व्यापार करावा म्हणून तिने स्वतःच्या नावावर पैसे उभे करून दिले, अशी कथा आहे. तेही तुकोबांनी वाटेत एका कर्जाने गांजलेल्याला देऊन टाकले. घरी आल्यावर ती रागावली असेल तर काय बिघडले? गावोगावच्या दुकानांत वही काका लिहितात, पण कोणाचे किती थकले ते काकूंना तोंडपाठ असते. गिऱ्हाईक रडकुंडीला आले की आतून हळूच मूठभर डाळ जास्त घालणारी बहुधा तीच.

आता वारीचा प्रश्न. दुकानदार वारकऱ्याची खरी अडचण अशी की आषाढी नेमकी उधारीच्या भरात येते. देहूहून पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. त्या वेळी आमच्याकडे होड्या बंद, वही फुगलेली, आणि घाऊकवाल्याचा माणूस दारात. तीन आठवडे गादी सोडायची कशी? मुलगा मुंबईला नोकरीला, तो दुकानात बसायला तयार नाही. ज्यांना जमते ते भावाकडे किल्ल्या देऊन निघतात. ज्यांना जमत नाही ते दुकानातच हरिपाठ म्हणतात, आणि दिंडीच्या शिध्यासाठी गूळ-शेंगदाणे, पोहे मूळ भावात बांधून देतात. तिकडे कोणी बोट दाखवू नये.

कार्तिकीचे गणित जरा सोपे पडते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेलेल्या असतात, पैसा फिरतो, दिवाळीत नवी वही पूजली जाते. शुद्ध एकादशीला पंढरीला जाऊन माणूस परत येतो. पण पुढे पंधरा दिवसांनी, वद्य एकादशीला, एकीकडे आळंदी आणि दुसरीकडे आमच्या निर्मळची यात्रा. सुकेळी घ्यायला माणसे लोटतात, आणि आसपासच्या दुकानदारांचे वर्षातले चार चांगले दिवस तेच. त्या दिवशी आळंदीला गेलेला निर्मळचा दुकानदार आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.